चाकांवरचे घर घाटात थांबते तेव्हा

हिवाळ्यात रस्त्याने जाणारे ऊसतोड कामगारांचे ट्रॅक्टर आपण सर्वांनीच पाहिले असतील. मागच्या दोन ट्रॉल्यांत एक-दोन कुटुंबे नसतात, अख्खी टोळी असते. कोपीचे बांबू, ताडपत्री, बाजरीची पोती, चूल, शेळ्या आणि लहान मुले. सहा महिन्यांचे घरच ते! हे घर वाटेत बंद पडले तर काय करतात, हे मला ठाऊक आहे, कारण माझे आईवडील कोयत्यावर जातात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप चालू होता. मी दहावीत होते आणि केजजवळ मामाकडे राहून शिकणार होते. बस नाही, म्हणून ट्रॉलीतूनच निघाले. तेलगावहून धारूरचा घाट चढताना पहाटे इंजिन तापले आणि ट्रॅक्टर थांबला.

अशा वेळी पहिले काम इंजिनाचे नसते. पुरुषांनी उड्या मारून दोन्ही ट्रॉल्यांच्या चाकांमागे दगड लावले. बायका-मुलांना डोंगराच्या बाजूला बसवले. मागून येणाऱ्या गाड्यांना कळावे म्हणून बऱ्याच अंतरावर झाडाच्या फांद्या टाकल्या. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडत नाहीत. उकळते पाणी तोंडावर उडते. अर्ध्या-पाऊण तासाने, कापड धरून, झाकण हळूहळू सैल करतात. पाणीही एकदम ओतत नाहीत, नाहीतर हेड तडकते.

एवढे करूनही इंजिन सुरू होईना. डिझेलच्या नळीत हवा धरली होती. ड्रायव्हरने फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप मारला. बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागल्यावर स्क्रू आवळला. मी बॅटरी धरून उभी होते.

या खोळंब्याने मुकादम मात्र चिडला होता. टोळीने कारखान्याची उचल घेतलेली. वाया गेलेल्या दिवसाची मजुरी नाही. तो वडिलांना म्हणाला, "आता केजला थांबायचं नाही. पोरीला पुढंच घ्या, मोळ्या बांधू लागेल." वडील गप्प राहिले.

तेवढ्यात एक दुधाचा टेम्पो थांबला. त्यांनीच कॅनमधून पाणी दिले. टेम्पोत त्या काकांची बायकोही होती. आईने तिला विचारले, "बाई, केजपर्यंत माझ्या लेकीला नेता का?" आणि माझे दप्तर स्वतः टेम्पोत ठेवले. मुकादमाकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

केजपासून मामाच्या गावापर्यंत मी पायी गेले. मार्च २०२२ मध्ये दहावीची परीक्षा दिली. आज मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे.

मित्रमैत्रिणींनो, रस्त्याच्या कडेला अशी ट्रॉली उभी दिसली तर हॉर्न वाजवून पुढे जाऊ नका. पाणी हवे का, एवढे तरी विचारा. त्या ट्रॉलीत एखादे दप्तर असू शकते.