एम.टेक. : दोन वर्षांचा हिशेब आधी मांडा

राजापेठच्या आमच्या कापड बाजारात आता अनेक घरांतला मुलगा इंजिनीअर झालेला आहे, काही घरांत मुलगीही आहे. बी.ई.चा निकाल हातात पडला की घरात एकच चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, पुढे एम.टेक. करायचे. वडील म्हणतात, चार वर्षे दिली, आता गल्ल्यावर बस. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते. फक्त हिशेब कोणी मांडलेला नसतो. आम्ही कापड विकणारे लोक, माल घेण्यापूर्वी भाव विचारतो. तोच नियम येथे लावून पाहू.

प्रथम हे समजून घ्यावे की एम.ई. आणि एम.टेक. या दोन नावांत दर्जाचा फरक नाही. दोन्ही इंजिनीअरिंगच्या पदव्युत्तर पदव्या आहेत. मुदत दोन वर्षांची, म्हणजे चार सत्रांची. पहिल्या वर्षी मुख्यतः वर्ग आणि परीक्षा, दुसऱ्या वर्षी एका विषयावर प्रबंध. बी.ई.मध्ये सर्व काही थोडे थोडे शिकवतात. येथे एकच विषय खोलवर शिकावा लागतो. कारागिरांच्या भाषेत सांगायचे तर बी.ई. म्हणजे हाताला हुन्नर येणे आणि एम.टेक. म्हणजे एका कामात उस्ताद होणे.

आपल्या भागात सोय आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून उभे आहे. राजापेठवरून बडनेऱ्याच्या वाटेने गेले की राम मेघे यांच्या नावाचे महाविद्यालय लागते. ते आणि शेगावचे गजानन महाराज महाविद्यालय, दोन्ही १९८३ ची. नागपूरला व्ही.एन.आय.टी. आहे. घरचे जेवण सोडायचे नसेल तर जवळचे पाहावे. पण संस्थेचा दर्जा मोठा असेल तर हॉस्टेलचा खर्च अंगावर घ्यायला हरकत नाही.

आता मुख्य चावी. तिचे नाव 'गेट'. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आय.आय.टी. मिळून ही परीक्षा घेतात. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. पर्याय निवडायच्या प्रश्नात उत्तर चुकले तर गुण कापतात. आकडा लिहायच्या प्रश्नात कापत नाहीत. मिळालेले गुण तीन वर्षे चालतात. पेपर फक्त इंग्रजीत असतो. आमच्यासारखी उर्दू माध्यमात शिकलेली मुले येथे दचकतात, पण घाबरण्याचे कारण नाही. बी.ई. ते इंग्रजीतूनच पास झालेले असतात. खरी अडचण पुढे प्रबंध लिहिताना येते, म्हणून रोज एक पान इंग्रजी लिहिण्याची सवय आजपासून लावावी.

गेटशिवायही आपल्या राज्यात प्रवेश मिळू शकतो. सी.ई.टी. कक्षाच्या यादीत गेटवाले आधी, उरलेल्या जागांवर पदवीच्या गुणांवर बाकीचे. मग गेटची मेहनत कशासाठी? त्याचे उत्तर पैशात आहे. गेट पात्र होऊन ए.आय.सी.टी.ई.ची मान्यता असलेल्या संस्थेत पूर्ण वेळ शिकणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, जास्तीत जास्त २४ महिने. गुणाकार करा: २,९७,६०० रुपये. हे कर्ज नाही, परतफेड नाही, व्याजाचा प्रश्नच नाही. ज्यांच्या घरात व्याजाचा पैसा नको म्हणून पोरांचे शिक्षण थांबते, त्यांनी ही रक्कम नीट ध्यानात घ्यावी. अट एवढीच की त्या काळात दुसरीकडे पगार घेता येत नाही आणि आठवड्याचे काही तास महाविद्यालयाचे काम करावे लागते. पहिला हप्ता हाती येईपर्यंत काही महिन्यांचा खर्च मात्र बाजूला ठेवावा.

नफ्याची दुसरी बाजूही आहे. इंजिनीअरिंग महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर बी.ई. पुरत नाही, एम.ई. किंवा एम.टेक. लागतेच आणि दोन्हींपैकी एका पदवीत प्रथम श्रेणी हवी. पीएच.डी.चा रस्ताही येथूनच जातो. शिवाय एनटीपीसी, पॉवर ग्रिड यांसारख्या सरकारी कंपन्यांनी गेटच्या गुणांवर भरती केलेली आहे, म्हणजे एम.टेक. झाले नाही तरी गेटचा अभ्यास वाया जात नाही.

विषय कोणता घ्यावा? बहुतेक मुले कॉम्प्युटरकडे धावतात. त्याला आमचा विरोध नाही. पण वऱ्हाड हा कापसाचा मुलूख आहे. येथे कापूस पिकतो, जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते, १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि ट्रक बाहेर जातात. मग कापड बनून सुरतेहून, भिवंडीहून आमच्याच दुकानात परत येते. मधली सारी कमाई दुसऱ्यांची. सप्टेंबर २०२४ मध्ये नांदगाव पेठच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. जागा एक हजार एकर. तेथे माल विकणारे पुष्कळ असतील. सूत, रंगाई, धुलाईचे पाणी आणि यंत्रे समजणारी माणसे लागतील.

गेटमध्ये वस्त्र अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे. मुंबईचे व्ही.जे.टी.आय., इचलकरंजीचे डी.के.टी.ई., दिल्लीची आय.आय.टी. येथे या विषयाचे वरचे शिक्षण आहे. मेकॅनिकल-केमिकलच्या मुलांनाही काही संस्था यात घेतात. मुंबईच्या माटुंग्यात १९२४ पासून कापसाच्या तंत्रावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, तिचे जिनिंग केंद्र नागपुरात आहे. प्रबंधाला विषय शोधत फिरायची गरज नाही. जिनिंगमधली धूळ आणि रंगाईचे सांडपाणी आपल्या डोळ्यांसमोर आहे.

तोट्याची बाजूही सांगितली पाहिजे. पदवी म्हणजे नोकरीची हुंडी नव्हे. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हा शिकलेले आणि न शिकलेले दोघेही घरी बसले. म्हणून केवळ नोकरी मिळाली नाही म्हणून एम.टेक. करणे हा वेळ ढकलण्याचा प्रकार आहे. त्याने दोन वर्षे जातात आणि हातात कागद राहतो. विषयाची ओढ, गेटची तयारी आणि घरची संमती, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पाऊल उचलावे.

व्यापारी बांधवांना आमची एवढीच विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी यंदा बी.ई.च्या तिसऱ्या वर्षात असेल तर निकालाची वाट पाहू नका. गेटला तिसऱ्या वर्षापासूनच बसता येते. ऑगस्टमध्ये फॉर्म भरू द्या आणि तोपर्यंत संध्याकाळच्या गिऱ्हाइकीला त्यांना दुकानावर बोलावू नका. दोन तास आपण सांभाळू शकतो, अभ्यासाचे ते दोन तास मात्र पुन्हा मिळत नाहीत.