मीटिंगला यायला पाय जड का होतात?

“घरून कामाची चटक लागलीय लोकांना. आता मीटिंगला ऑफिसात बोलावलं की यांच्या पोटात दुखतं.” हे वाक्य मी कंपन्यांच्या टाउन हॉलमध्ये ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावर तर इतक्या वेळा ऐकलंय की आता वाक्य सुरू झालं की शेवट माझा मीच पुरा करू शकतो. सूर असा, की विषय मिटला. करोनात पोरं घरी बसली, पायजम्यावर पगार घेतला, आता शर्टाला इस्त्री करायचा कंटाळा. आळस, दुसरं काय!

निदान मोठं सोयीचं आहे. दोष सगळा बोलावल्या जाणाऱ्याचा; बोलावणाऱ्याला स्वतःचं काही तपासायला नको, बदलायलाही नको. म्हणून आपण आधी ती मीटिंगच तपासू.

समजा, मीटिंग हिंजवडीत आहे. सकाळी ११ वाजता, तासाभराची. माणूस राहतो हडपसरला, म्हणजे अंतर पंचवीस किलोमीटरच्या पुढे. ‘टॉमटॉम’ या कंपनीच्या २०२४ च्या जागतिक वाहतूक निर्देशांकात पुणं चौथ्या क्रमांकावर होतं: १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं. त्या हिशेबाने एका बाजूचा प्रवास सव्वा तासाच्या वर जातो, आणि ही झाली सरासरी. पावसात भूमकर चौकात अडकलात तर बोलायलाच नको. हिंजवडीच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. त्यानंतर तिची मुदत किती वेळा पुढे गेली ते पुणेकरांना सांगायची गरज नाही. थोडक्यात, कंपनीच्या कॅलेंडरवर या मीटिंगचा चौकोन एका तासाचा दिसतो आणि कर्मचाऱ्याच्या दिवसातून चार तास जातात. कॅलेंडर बनवणाऱ्याला तो एकच तास दिसतो, भांडणाचं मूळ निम्मं तिथेच.

उरलेलं निम्मं पोचल्यावर कळतं. गेटवर कार्ड स्वाइप केलं, वर गेलं, तर मीटिंग रूम आधीच कुणीतरी अडवलेली. टीममधले चौघे बंगळुरूत, आर्किटेक्ट हैदराबादला, मॅनेजर ‘आज जरा घरूनच जॉइन होतोय’. मग आलेले सगळे आपापल्या डेस्कवर हेडफोन लावून टीम्सवर बसतात. शेजारच्या खुर्चीतला बोलतो ते आधी थेट कानावर येतं, मग क्षणभराने हेडफोनमधून, आणि पलीकडून कुणीतरी ओरडतं, “एको येतोय, एकानेच अनम्यूट राहा!” लग्नाला आग्रहाने बोलवावं आणि मांडवात बसवून मोबाइलवर मंगलाष्टकं दाखवावीत, तशातला हा प्रकार. पुढच्या बोलावण्याला हा माणूस कुरकुरला तर त्याचं डोकं ठिकाणावर आहे एवढंच सिद्ध होतं.

“ही झाली गोष्ट. आकडे दाखवा,” असं कट्ट्यावर हमखास म्हणतात. दाखवतो.

स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी या विषयावर प्रत्यक्ष प्रयोग केले, आणि पहिला तर करोनाच्या खूप आधी. २०१० मध्ये शांघायच्या ‘सीट्रिप’ या पर्यटन कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये ९९६ जणांना विचारलं गेलं, घरून काम करायला आवडेल का? हो म्हणाले ५०३. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना ते नकोच होतं. पात्र ठरलेल्या २४९ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि नऊ महिने बघितलं. घरच्या गटाचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, मुख्यतः मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या म्हणून. नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. खरी गंमत पुढे आहे. प्रयोग संपल्यावर ‘आता तुम्हीच ठरवा’ म्हटलं, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी निम्मे आपण होऊन ऑफिसात परतले. घरी एकटं वाटत होतं, हे त्यातलं मोठं कारण. चटक लागलेली माणसं अशी परत येत नाहीत हो!

त्याच कंपनीत २०२१-२२ मध्ये दुसरा प्रयोग झाला, यावेळी १,६१२ कर्मचाऱ्यांवर. त्यांत इंजिनिअर होते, मार्केटिंगवाले होते, फायनान्सवाले होते. एका गटाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम, बाकी तीन दिवस ऑफिस. दुसऱ्या गटाला पाचही दिवस ऑफिस. ‘नेचर’मध्ये २०२४ साली आलेला निष्कर्ष असा: कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांमध्ये दोन वर्षं पाहूनही फरक नाही, आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी. कमी झालं ते विशेषतः स्त्रियांमध्ये, मॅनेजर नसलेल्यांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. आमच्या हडपसरवाल्याचा नंबर यात बरोबर लागतो.

आणि वाचलेला प्रवासाचा वेळ? तो लोळण्यात जातो, हा त्याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. सत्तावीस देशांतल्या एका पाहणीत घरून काम केल्यावर वाचणारा वेळ मोजला. सरासरी निघाली दिवसाला ७२ मिनिटं, भारतात ९९. आणि सर्व देश मिळून वाचलेल्या वेळेतला सुमारे ४० टक्के हिस्सा लोकांनी पुन्हा कामातच घातलेला निघाला. म्हणजे प्रवास रद्द झाला की कंपनीलाही फुकट मिनिटं मिळतात, पण तिच्या ताळेबंदात त्यांना रकाना नाही.

इथेच थांबलो तर माझी बाजू भक्कम दिसेल, पण ती लबाडी होईल. चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामावर असाच प्रयोग झाला आणि तिथे घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी निघाली. त्यातला काही फरक असा पडला की ऑफिसात बसलेले लोक काम लवकर शिकले. घरातली गर्दी, वीज, नेट, बसायला धड जागा नसणं या गोष्टी आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नकोत. तेव्हा ‘घरून काम नेहमीच जास्त होतं’ हाही गैरसमजच, तो फक्त दुसऱ्या बाजूचा आहे.

पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो आणखी एक अभ्यास. आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक जणांच्या कामाच्या नोंदी टाळेबंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत तपासल्या गेल्या. कामाचे तास वाढले होते, म्हणजे आळसाचा आरोप तिथेच निकालात. तरीही तासागणिक काम ८ ते १९ टक्क्यांनी घटलं. का? मीटिंगा वाढल्या, सलग शांतपणे काम करायचा वेळ घटला. एरवी डेस्कजवळ उभं राहून दोन मिनिटांत मिटणाऱ्या गोष्टीसाठी अर्ध्या तासाचा कॉल लागू लागला. ती सवय लोकांबरोबर ऑफिसात परत आली. आता प्रवासही आहे आणि कॉलही आहेत. कुरकुर आहे ती या दुहेरी माराची.

मग वरिष्ठांना आळसच का दिसतो? मायक्रोसॉफ्टच्या २०२२ च्या पाहणीत ११ देशांतल्या २०,००० लोकांना विचारलं होतं. आपण नीट काम करतो असं ८७ टक्के कर्मचारी म्हणाले. आपली टीम नीट काम करतेय याची पूर्ण खात्री असलेले वरिष्ठ होते १२ टक्के. कर्मचारी स्वतःबद्दल थोडं चढवूनच सांगणार, ते धरून चाला. तरी एवढी दरी आळसाने पडत नाही. समोर बसलेला माणूस काम करतोय असं मानायची आपली जुनी सवय आहे, आणि तो समोर नसला की काम मोजायचं कसं हे बऱ्याच मॅनेजरांना कुणी शिकवलेलंच नाही. मग मोजायला सोपी ती हजेरी मोजली जाते. टीसीएसने २०२४ मध्ये तिमाही व्हेरिएबल पे ऑफिसच्या हजेरीला जोडल्याच्या बातम्या आल्या. ६० टक्क्यांच्या खाली हजेरी असेल तर तो भाग शून्य. याच कंपनीने २०२० साली, २०२५ पर्यंत आपले फक्त २५ टक्के लोक एका वेळी ऑफिसात असतील असं जाहीर केलं होतं. धोरण बदलायचा कंपनीला हक्क आहे. पण चार वर्षांत कंपनी एवढी वळते तेव्हा ती व्यवसायाची गरज ठरते आणि माणूस वळायला वेळ लावतो तेव्हा तो कामचुकार ठरतो, हे काही मला पटत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या, एस अँड पी ५०० यादीतल्या कंपन्यांचा पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यास केला. ऑफिसला परतण्याची सक्ती केल्यावर कंपन्यांच्या आर्थिक कामगिरीत उठून दिसेल असा फरक पडला नाही. कर्मचाऱ्यांचं समाधान मात्र घसरलं.

स्त्रियांच्या बाबतीत तर ‘टाळाटाळ’ हा शब्द वापरण्याआधी जीभ चावावी. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. ‘उद्या साडेनऊला सगळे ऑफिसात’ असा निरोप आदल्या संध्याकाळी सात वाजता येतो, तेव्हा एका घरात फक्त गजर अर्धा तास आधीचा लागतो आणि दुसऱ्या घरात पाळणाघर, शाळेची रिक्षा, सासूबाईंचं औषध आणि स्वयंपाकाच्या मावशींची वेळ असं सगळं रात्रीतून हलवावं लागतं. निरोप तोच असतो.

आता कर्मचाऱ्यांच्या बाजूचा लाडका गैरसमज: ‘सगळं कॉलवर होतं, भेटायची गरजच नाही.’ होत नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जोड्यांना नव्या कल्पना सुचवायला सांगितलं, व्हिडिओवरच्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्यांपेक्षा कमी सुचल्या. पडद्यावर नजर खिळली की विचारही आखडतात, असं संशोधकांचं म्हणणं. मात्र आलेल्या कल्पनांतून चांगली निवडण्यात व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. यातून साधी वाटणी करता येते. नवं काही रचायचं असेल, भांडण मिटवायचं असेल, फ्रेशरला हाताला धरून शिकवायचं असेल, तर भेटा. आठवड्याचा अहवाल ऐकायला कुणालाही गावभर फिरवू नका. मायक्रोसॉफ्टच्याच ६१,००० हून अधिक अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या नोंदींतही दिसलं होतं, की सगळेच घरून काम करू लागल्यावर वेगवेगळ्या गटांमधला संवाद आटला आणि माणसं आपापल्या कोंडाळ्यात राहिली. हे नुकसान खरं आहे, आणि ते सुरुवातीला कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाकीचे किरकोळ समज भराभर उरकतो.

‘ऑफिसात आले की लोक आपोआप बोलतात.’ हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये दोन कंपन्यांत मोजलं: भिंती काढून मोकळं ऑफिस केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल-मेसेज वाढले. हेडफोन कशाला असतात!

‘कॅमेरा बंद म्हणजे लक्ष नाही.’ २०२१ मध्ये १०३ कर्मचाऱ्यांचा चार आठवडे अभ्यास झाला. कॅमेरा सुरू ठेवण्याने थकवा वाढतो, स्त्रियांना आणि नव्या लोकांना जास्त, आणि थकलेला माणूस मीटिंगमध्ये कमी बोलतो.

‘घरून काम म्हणजे मूनलाइटिंग, एका नोकरीत राहून चोरून दुसरी.’ विप्रोने २०२२ मध्ये यावरून ३०० जणांना काढलं तेव्हा कंपनीत अडीच लाखांवर माणसं होती.

‘कंपनीने मनात आणलं तर सगळ्यांनाच घरून काम देता येतं.’ नेहमी नाही. सेझमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, युनिटांना केंद्राचे नियम पाळावे लागतात. जुलै २०२२ च्या नियमाने तिथे निम्म्याच लोकांना परवानगी दिली होती, ती मर्यादा त्याच वर्षी डिसेंबरात सैल झाली.

‘घरून काम हा कायद्याने हक्क आहे.’ सरसकट नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाच्या रजेनंतर तशी सोय ठेवली, तीही कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोन्ही बाजू राजी असतील तर.

तर मॅनेजर मंडळी, एक विनंती. पुढच्या वेळी ‘इन-पर्सन, मँडेटरी’ असं लिहून निमंत्रण पाठवाल तेव्हा त्याखाली एक ओळ आणखी लिहा: प्रत्यक्ष भेटून आपण असं काय करणार आहोत जे कॉलवर होणार नाही. ओळ सुचली तर निरोप तीन दिवस आधी पाठवा, खोली बुक करा आणि स्वतः हजर राहा. नाही सुचली, तर लिंक पाठवा.