परदेश प्रवास : मुलांची कोरोना चाचणी केव्हा लागायची?

राज्यातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण डोंबिवलीत सापडल्याचे ४ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर झाले. डोंबिवलीपासून चारच स्थानके अलीकडे असलेल्या कळव्यात त्यानंतर आमच्याकडे विचारणा सुरू झाली. कुणाची लेक दुबईला, कुणाचा मुलगा लंडनला. प्रश्न एकच, नातवंडांचीही चाचणी करावी लागणार का?

उत्तर मुलाच्या वयावर होते, आणि वयाची रेषा प्रत्येक देशाने वेगळी आखली होती. घोळ व्हायचा तो इथेच.

डिसेंबर २०२१ मध्ये भारतात येताना ५ वर्षांखालील मुलांना निघण्यापूर्वीची आणि उतरल्यावरची, दोन्ही चाचण्या माफ होत्या. मात्र लक्षणे दिसली तर माफी संपायची. पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला मोठ्यांचेच नियम होते: ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल ‘एअर सुविधा’ पोर्टलवर टाकावा लागे. ब्रिटनसह युरोप, दक्षिण आफ्रिका अशा तेव्हा जोखमीच्या ठरवलेल्या देशांतून आल्यास विमानतळावर पुन्हा चाचणी आणि अहवाल येईपर्यंत तिथेच मुक्काम करावा लागे. तो निगेटिव्ह आला तरी ७ दिवस घरात विलगीकरण, आठव्या दिवशी आणखी एक चाचणी असे. कळव्याच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत विलगीकरण कसे करायचे, हे मात्र नियम लिहिणाऱ्यांनी सांगितलेले नव्हते.

जातानाचे गणित निराळे होते. अमेरिकेला २ वर्षांपासून पुढे सर्वांना चाचणी लागायची, आणि ६ डिसेंबर २०२१ पासून ती निघण्याच्या आदल्या दिवसाच्या आतलीच लागे. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची जाताना चाचणी, परतताना नाही! ब्रिटनला निघण्यापूर्वीची चाचणी १२ वर्षांपासून होती. पण पोहोचल्यावर ५ वर्षांच्या मुलालाही ती चुकत नसे. संयुक्त अरब अमिरातीत १२ वर्षांखालील मुलांना सूट होती.

खर्चाचा थोडा दिलासा होता. राज्य सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये आरटी-पीसीआरचा दर केंद्रावर ३५० रुपये, तर घरी येऊन नमुना घेतल्यास ७०० रुपये केला होता. परदेशातून परततानाची चाचणी मात्र तिथल्या दराने व्हायची.

तेव्हा तिकीट काढण्याआधी पासपोर्टवरची जन्मतारीख बघावी लागे. जाताना पावणेपाच वर्षांचे असलेले मूल परतीच्या दिवशी पाच पूर्ण करत असेल, तर त्याच्या चाचणीचा वेळ आणि पैसे आधीच हिशोबात धरावे लागत.