कोरड्या दिवसांतली पालवी

'कविता सुचते कुठून?' असं कॉलेजातली मुलं मला विचारतात. मी म्हणतो, आधी निंबाला पालवी कुठून फुटते ते पाहा.

पुस्तकातला वसंत मंद वाऱ्याचा. आमच्या लोहाऱ्याकडे तेव्हा ज्वारी निघालेली असते, काळ्या रानाला भेगा पडतात, विहिरी तळाला जातात. पाऊस दोन-तीन महिने दूर. नेमक्या याच दिवसांत निंब तांबूस होतो, माळावर पळस पेटतो.

याचं उत्तर पानगळीत आहे. पान टाकण्याआधी झाड त्यातलं नत्रासारखं अन्न फांदीत ओढून घेतं. पान गळालं की हवेत उडून जाणारं पाणी वाचतं. मुळं खोलातली ओल वर चढवत राहतात, फांद्या भरतात आणि डोळे फुगतात. म्हणजे ही पालवी बरीचशी मागच्या पावसाळ्याच्या शिलकीवर येते.

हे शास्त्र मला फार उशिरा कळलं. झाड आधी भेटलं.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी विशी नुकती ओलांडली होती. सास्तूर त्या वेळी उमरगा तालुक्यात होतं. लोहारा तालुका पुढे झाला. दगडमातीच्या जाड भिंतींनी झोपेतली माणसं गाडली. त्यानंतर सहा महिने मला एक ओळ लिहिता आली नाही. लिहिणं म्हणजे निर्लज्जपणा वाटायचा.

मार्चअखेर सास्तूरला गेलो. ढिगाऱ्यात एक निंब उभा, पांढऱ्या फुलोऱ्यानं लगडलेला. खरं सांगतो, मला त्याचा रागच आला. इतक्यात पत्र्याच्या शेडकडून एक बाई आली आणि झाडाखाली सांडलेली फुलं झाडू लागली. घर उरलं नव्हतं, तरी अंगण झाडायचं होतं. त्या रात्री मी लिहिलं. कविता बेताचीच होती. पण तिच्यात निंब नव्हता, झाडू होता.

तेव्हापासून फाल्गुन-चैत्रात एकच झाड रोज पाहायचं आणि वहीत एक ओळ टिपायची, असा माझा नेम आहे. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' (1956) वाचल्यावर तो पक्का झाला. बहुतेक ओळी वायाच जातात. जाऊ द्यात.

रमजान चंद्राच्या हिशेबानं दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून आमची ईद सगळ्या ऋतूंतून हिंडते. 2025 साली पाडवा 30 मार्चला आला आणि ईद 31ला. पाडव्याला शेजारच्या वहिनींनी निंबाचा फुलोरा, गूळ आणि डाळ वाटीभर पाठवली. मला रोजा होता. वाटी झाकून ठेवली आणि मगरिबला खजुरामागून कडू-गोड खाल्लं. दुसऱ्या दिवशी तीच वाटी शिरखुर्मा भरून परत गेली.

वहीत त्या तारखेपुढे 'वाटी' एवढाच शब्द आहे. कविता अजून व्हायची आहे.