अमेरिकेतील फोनक्रमांक स्वदेशी परतताना

आपल्या बेळगावच्या व्यापारी कुटुंबांतील पुष्कळ मुलेमुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेस जातात आणि काही वर्षांनी परत येतात. सामानसुमान येते, पदव्या येतात. परंतु तेथील बँकेतील शिल्लक, निवृत्तिनिधी व कराचे हिशेब तिकडेच राहतात. या सर्वांचे कुलूप बहुधा एका दहा आकडी मोबाईल क्रमांकास लावलेले असते. खाते उघडू जावे, तर बँक ओटीपी त्याच क्रमांकावर पाठविते. क्रमांक बंद पडला की पैसा आपला असूनही हाती लागत नाही. केवळ एवढ्यासाठी दरमहा डॉलरांत बिल भरीत राहणे कोणाही व्यापाऱ्यास रुचणार नाही.

पेढी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली, तरी पाटीवरील नाव तेच राहते. तद्वत् फोनकंपनी बदलूनही क्रमांक कायम राखण्याचे तत्त्व अमेरिकेने १९९६ च्या दूरसंचार कायद्याने मान्य केले व मोबाईलसाठी ते २४ नोव्हेंबर २००३ पासून अमलात आणले. पुढे २००९ साली ‘गूगल व्हॉइस’ ही इंटरनेटवरून बोलण्याची सेवा निघाली आणि २०११ पासून चालू मोबाईल क्रमांक तीत नेण्याची सर्वांस मुभा मिळाली. त्यास एकदाच २० डॉलर पडतात. मग क्रमांक कोणत्याही सिममध्ये राहत नाही. बोस्टनचा फोन रविवार पेठेतील दुकानात इंटरनेटवरून वाजतो, संदेशही तेथेच येतात.

मात्र हे सर्व अमेरिकेत असतानाच उरकावे, कारण या सेवेचे व्यक्तिगत खाते भारतात बसून उघडता येत नाही. दुसरे, जुन्या कंपनीची सेवा स्वतःहून मुळीच बंद करू नये. बंद झालेला क्रमांक हलविता येत नाही. स्थलांतर पुरे झाले की जुनी सेवा आपोआप संपते. जुन्या कंपनीकडून खातेक्रमांक व स्थलांतराचा पिन मागून घ्यावा लागतो. खातेक्रमांक म्हणजे फोनक्रमांक नव्हे, हे ध्यानी असावे. तसेच क्रमांकास लावलेले संरक्षक कुलूपही आधी काढवावे. बोलणे साधारणतः एका दिवसात सुरू होते. संदेशांस आणखी दोनतीन दिवस लागू शकतात. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी हा उद्योग आरंभू नये.

आणखी एक गोष्ट सूक्ष्म आहे. ज्या गूगल खात्यात क्रमांक नेला, त्याच खात्याचा ओटीपी त्याच क्रमांकावर येईल अशी व्यवस्था राहिली, तर तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेविल्यासारखे होते. त्या खात्यास दुसरा क्रमांक किंवा कागदावर लिहून ठेवण्याचे राखीव संकेतांक जोडावेत.

तथापि हा उपाय सर्वांस लागू पडेल असे नाही. काही अमेरिकन बँका इंटरनेटवरील क्रमांक ओळखतात आणि त्यावर ओटीपी पाठवीत नाहीत. म्हणून आधी आपल्या बँकेस स्पष्ट विचारावे. ती नकार देत असेल, तर २० डॉलर वाचविण्याचा विचार नसून क्रमांक एखाद्या स्वस्त मोबाईल योजनेत ठेवणेच शहाणपणाचे, असे माझे मत आहे. शिवाय या सेवेच्या व्यक्तिगत खात्यावरून अमेरिकेतील ९११ हा संकटकालीन क्रमांक लागत नाही.

आपल्याकडील क्रमांकाची गोष्ट निराळी. भारतात क्रमांक कायम राखून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात व २० जानेवारी २०११ रोजी देशभर सुरू झाली. पण ती एका मोबाईल कंपनीतून दुसरीत जाण्यापुरती. भारतीय मोबाईल क्रमांक गूगल व्हॉइसमध्ये नेता येत नाही. व्हॉट्सॲपवर बोलणे इंटरनेटने होत असले, तरी क्रमांक सिमकंपनीकडेच असतो. प्रीपेड सिमचा ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि शिल्लकही २० रुपयांहून कमी असली, तर क्रमांक खंडित होऊन पुढे अन्य ग्राहकास दिला जाऊ शकतो. परदेशी निघालेल्या मुलाच्या येथील बँकेचे ओटीपी त्याच सिमवर येत असल्याने, तो गेल्यावर त्याचे रिचार्ज घरच्यांनी मुदतीपूर्वी करीत जावे.