सुई काय ऐकते, रक्त काय सांगते

कुलपात किल्ली फिरत नाही. शर्टाचं बटण लागत नाही. दुखत मात्र काहीच नाही. हात बारीक दिसू लागतो, दंडाचं मांस आपोआप फडफडतं. मानेचा एमआरआय होतो, बी-12ची इंजेक्शनं होतात आणि मग न्यूरॉलॉजिस्ट चिठ्ठीवर लिहितात, एनसीव्ही आणि ईएमजी. शंका असते मोटर न्यूरॉन डिसीजची, म्हणजे एमएनडीची. घरच्यांना ‘हो की नाही’ सांगणारी एकच तपासणी हवी असते. तशी तपासणी आज नाही. पण ज्या आहेत त्यांतली प्रत्येक कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते हे कळलं, की रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाची घालमेल बरीच कमी होते.

हालचालीचा हुकूम दोन टप्प्यांत जातो. पहिली पेशी मेंदूत असते आणि तिचा धागा मज्जारज्जूपर्यंत उतरतो. तिथली दुसरी पेशी तो हुकूम स्नायूपर्यंत नेते. एमएनडीचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे एएलएस. त्यात दोन्ही पेशी मरत जातात. पहिलीचा बिघाड डॉक्टरांच्या हातोडीला कळतो. हात सुकलेला असूनही त्याचा रिफ्लेक्स जोरात उसळतो. दुसरीचा माग यंत्र काढतं.

आधी एनसीव्ही. मनगटाशी नसेला विजेचा लहानसा झटका देतात आणि अंगठ्याच्या स्नायूवर चिकटवलेली पट्टी प्रतिसाद टिपते. मग तोच झटका कोपराशी. मधलं अंतर टेपने मोजून वेळेच्या फरकाने भागलं, की नसेचा वेग मिळतो. हाताच्या निरोगी नसेत तो सेकंदाला साधारण 50 मीटर किंवा त्याहून अधिक असतो. गार हातात तो उगाच कमी दिसतो, म्हणून आधी हात ऊबदार करतात. एमएनडीत वेग बहुधा टिकून राहतो. लाटेची उंची मात्र घटते, कारण धागेच कमी झालेले असतात. संवेदनेच्या नसा सहसा नॉर्मल येतात. हा ‘नॉर्मल’ शब्द वाचून हायसं वाटतं, पण एमएनडीत तो अपेक्षितच असतो.

मनगटाशी उंच आलेली लाट कोपराशी एकदम खुजी झाली, तर नसेत मध्येच अडथळा आहे. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी या वेगळ्या आजारात असं होतं, आणि त्यावर इम्युनोग्लोब्युलिनचा उपचार आहे. तपासणी कंटाळवाणी वाटली तरी ती नीट होऊ द्यावी, ती यासाठी.

नंतर ईएमजी, म्हणजे सुईची तपासणी. या सुईतून वीज सोडत नाहीत, ती फक्त ऐकते. सैल सोडलेला निरोगी स्नायू गप्प असतो. नस सुटलेले स्नायूतंतू मात्र स्वतःहून ठिणग्या सोडतात, आणि स्पीकरवर पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा आवाज येतो. स्नायू आवळायला सांगितला, की दुसरी खूण दिसते. वाचलेल्या पेशी शेजारच्या पोरक्या तंतूंना पदरात घेतात, त्यामुळे पडद्यावर लाटा मोजक्याच पण उंच आणि रुंद येतात. याच सांभाळामुळे ताकद बराच काळ टिकते आणि धडधाकट वाटणाऱ्या स्नायूतही आजाराच्या खुणा सापडतात. तक्रार हाताची असताना पायात, पाठीत, कधी जिभेतही सुई घालतात, ती आजार कुठवर पसरलाय हे पाहायला. 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोल्ड कोस्ट निकषांत सुईचा हा पुरावा निदानासाठी धरला जातो.

रक्ताचं पहिलं काम वगळण्याचं. थायरॉइड, बी-12, जीएम-1 अँटिबॉडी अशा तपासण्या दुसरं कारण शोधतात. स्नायूंची झीज दाखवणारं सीपीके मात्र एमएनडीतही थोडं वाढलेलं असू शकतं.

दुसरं काम नवं आहे. नसेच्या धाग्याला आतून आधार देणारं न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन असतं. धागा तुटला की ते आधी मणक्यातल्या पाण्यात आणि तिथून रक्तात झिरपतं, तेही मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशाचाही हजारावा भाग. एएलएसमध्ये ते बरंच वाढतं, आणि जितकं जास्त तितका आजाराचा वेग बहुधा जास्त. पण ते पक्षाघातात, डोक्याला मार लागल्यावर, मूत्रपिंड मंदावल्यावर आणि वयानुसारही वाढतं. म्हणून केवळ या आकड्यावर कुणी कुणाला एमएनडी ठरवू नये. त्याचं मोल औषध पारखताना दिसलं. एसओडी-1 जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या एएलएससाठी अमेरिकेत एप्रिल 2023मध्ये टोफर्सेनला त्वरित (अ‍ॅक्सिलरेटेड) मंजुरी मिळाली, ती न्यूरोफिलामेंट घटल्याच्या आधारावर.

तपासणीला जाताना अंगाला तेल-क्रीम लावू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल, तर आधीच सांगावं. रिपोर्ट आला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. बरा होण्यासारखा दुसरा आजार वगळला का? खुणा शरीराच्या किती भागांत आहेत? पुन्हा कधी तपासायचं? काही महिन्यांनी परत बोलावलं, तर पहिली तपासणी वाया गेली असं समजू नये. हा आजार पुढे सरकतो, आणि सरकलेलं अंतर दोन रिपोर्ट शेजारी ठेवले तरच दिसतं. म्हणून पहिला रिपोर्ट जपून ठेवावा.