विद्यापीठाचे बौद्धिक भांडवल
बौद्धिक भांडवल म्हणजे संस्थेच्या कामी येणारे, पण तिच्या ताळेबंदात न दिसणारे ज्ञान. त्याचे साधारणपणे तीन भाग मानतात. माणसांच्या अंगचे ज्ञान व हातोटी हे मानवी भांडवल. अभ्यासक्रम, प्रबंध, नोंदवह्या, पेटंट हे संरचनात्मक. उद्योग, माजी विद्यार्थी आणि समाज यांच्याशी जुळलेले नाते हे संबंधात्मक. ही मांडणी आली कंपन्यांकडून. स्वीडनच्या स्कांडिया या विमा कंपनीने १९९०च्या दशकात वार्षिक अहवालासोबत असा हिशेब छापायला सुरुवात केली. पुढे ऑस्ट्रियाने २००२च्या कायद्याने आपल्या सरकारी विद्यापीठांवर ज्ञानाचा ताळेबंद मांडण्याची सक्ती केली.

हे तीन भाग एकमेकांत कसे उतरतात, ते नागपुरात चांगले दिसते. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाच्या नावे मृत्युपत्रात ३५ लाखांहून अधिक रुपये ठेवले. मँगनीजमधून आलेल्या त्या पैशातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, म्हणजे नागपूरकरांची ‘एलआयटी’, उभी राहिली. तेल, रंग, अन्नप्रक्रिया अशा विषयांत शिकलेले तिचे विद्यार्थी रासायनिक उद्योगांत पसरले. संस्थेची खरी पुंजी तीच. इमारत आणि जमीन नंतरची. २०२३ मध्ये एलआयटीला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामागे स्वायत्ततेसाठी माजी विद्यार्थ्यांनी धरलेला आग्रहही होता.

माणसातले ज्ञान कागदावर उतरवणे हे व्यवस्थापनातले सर्वांत अवघड काम. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचे संपादन केले. तो ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास आजही त्याला वगळून होत नाही. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीला उत्खनन केले. तिथे बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. अशा कामात अहवाल छापला की निष्कर्ष टिकतात. खापरांच्या नोंदी, रेखाटने आणि छायाचित्रे मात्र नीट लावून ठेवली नाहीत, तर त्या निष्कर्षांची फेरतपासणी कुणालाच करता येत नाही.

राज्यभर प्राध्यापकांच्या जागा रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरील शिक्षक वर्ग चालवतात, तेव्हा ज्ञान पुढच्याच्या हाती सोपवण्याची साखळीच तुटते. निवृत्त होणाऱ्याच्या हाताखाली तयार झालेला माणूसच नसतो. तासावर पैसे मिळणाऱ्याने प्रयोगशाळेची जुनी दफ्तरे कोणत्या वेळात लावायची?

पेटंटची बाजू तुलनेने सोपी आहे, म्हणूनच बहुधा तिची चर्चा जास्त होते. नागपुरात तर १९८० पासून केंद्र सरकारची पेटंट माहिती यंत्रणा होती. बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय संस्थाही इथलीच. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांचे पेटंट शुल्क ८० टक्क्यांनी कमी झाले, आणि राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटला गुण असल्याने अर्जांचा मोह वाढतो. पण शोध लागण्याआधीच काही गोष्टी लेखी ठरलेल्या हव्यात: मालकी संस्थेची की संशोधकाची, पीएचडीच्या विद्यार्थ्याचे नाव कुठे, उद्योगाने पैसे दिले असल्यास त्याचा हक्क किती, आणि पेटंट टिकवण्याचे वार्षिक शुल्क कोण भरणार. शोधनिबंध आधी छापून मोकळे झाले, तर नावीन्याच्या अटीवर अर्ज बहुधा फेटाळला जातो. आधी प्रसिद्ध झालेल्या शोधासाठी भारतीय कायद्यातली सवलत अगदी मोजक्या प्रसंगांपुरती आहे.